घटस्फोट चालू असताना रत्नागिरीतला फ्लॅट विकायला एजंट कसा ठरवला

फ्लॅट दोघांच्या नावावर, म्हणजे खरेदीखतावर दोघांच्या सह्या लागणारच. पण नवऱ्याचा एजंट त्यांच्या मावसभावाच्या ओळखीचा, माझा माझ्या दादाच्या. कुणाचाच कुणावर विश्वास बसेना. शेवटी दोन्ही वकिलांशी बोलून दोघांच्याही ओळखीबाहेरचा एजंट घेतला. त्याची नोंदणी महारेराच्या (घरबांधणी व्यवहारांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) संकेतस्थळावर तपासली.

त्याच्याशी सगळं लेखी ठरवलं. प्रत्येक ऑफर दोघांना एकाच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर. दोघांचा होकार आल्याशिवाय टोकन घ्यायचं नाही. आधी बँकेचं कर्ज फिटणार, उरलेले पैसे आपापल्या खात्यात. दलाली किती नि कधी, तेही. आणि मुख्य म्हणजे, विकण्याचं कारण गिऱ्हाइकाला सांगायचं नाही! आमच्याकडे बातमी मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत चहा गार व्हायच्या आत पोचते, आणि घटस्फोट म्हटलं की लोक भाव पाडून मागतात. एक एजंट तर पहिल्याच भेटीत "वहिनी, मिटवून टाका ना" म्हणाला. त्याला तिथूनच नमस्कार.

दाखवायला मे महिना धरला, चाकरमानी गावी आलेले असतात. पावसात भिंतीची ओल बघून कोण भाव देणार? किंमत ५० लाखांच्या आत बसली, त्यामुळे खरेदीदाराला १ टक्का टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारला भरायचा कर) कापावा लागला नाही.