परतीचा चढ विसरू नका: कोल्हापूरच्या नदीखोऱ्यांत सायकल चालवताना या चुका टाळा

कोल्हापुरातून पश्चिमेला निघणारे बहुतेक रस्ते नदीच्या सोबतीने जातात. राधानगरीचा रस्ता भोगावतीच्या खोऱ्यातून, गगनबावड्याचा कुंभीच्या, बाजारभोगावचा कासारीच्या. तुळशीसह या नद्या प्रयाग चिखलीपर्यंत एकत्र येतात आणि तिथून पुढे पंचगंगा. दोन्ही बाजूंना ऊस, मागे डोंगराची रांग. रोड बाईकसाठी, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने पळणाऱ्या अरुंद टायरच्या सायकलसाठी, याहून चांगला मुलूख जवळपास नाही, असं मी ठामपणे म्हणेन. तरीही दर हंगामात कुणी ना कुणी पायात गोळे येऊन, सायकल टेम्पोत टाकून परत येतं. अशा बहुतेक फेऱ्यांत जाण्याचा हिशेब केलेला असतो, येण्याचा राहून गेलेला असतो.

अंतर पाहिलं, डोंगर पाहिला नाही

सह्याद्रीचे फाटे, म्हणजे डोंगराच्या उपरांगा, इथे पूर्वेकडे उतरत येतात आणि दोन फाट्यांच्या मध्ये एकेक नदी वाहते. नदीच्या काठाने गेलात तर रस्ता पन्नास किलोमीटर असला तरी अंगावर येत नाही. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात शिरायचं म्हटलं, की मधला फाटा चढावाच लागतो. मोबाईलच्या नकाशाला हे कळत नाही. तो दहा किलोमीटर वाचवून देतो आणि त्या बदल्यात उभा चढ पदरात टाकतो. कासारी आणि वारणा यांच्या मधली पन्हाळ्याची रांग हे यातलं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण. पन्हाळा शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर आहे, पण वाघबीळच्या पुढे ते वीस किलोमीटर पायांना कळतात. म्हणून मार्ग ठरवताना अंतराशेजारी एकूण चढाईचा आकडाही बघा आणि चढ कितव्या किलोमीटरला आहे तेही बघा. साठाव्या किलोमीटरला येणारा चढ आणि दहाव्याला येणारा तोच चढ, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

घाट आधी उतरायचा, मग चढायचा

ही चूक सगळ्यात महागात पडते. आपण घाटमाथ्याच्या बाजूला राहतो. कोल्हापूर ते गगनबावडा हे साधारण ५५ किलोमीटर अंतर, पण उंचीत फार फरक पडत नाही. गगनबावड्यात पोचेपर्यंत पाय ताजे असतात आणि समोर कोकण दिसतं. तिथून करूळ घाटाने वैभववाडीकडे सायकल सोडून दिली, की चारशे मीटरहून जास्त उंची बघता बघता संपते. तीच उंची दुपारच्या उन्हात, खालच्या दमट हवेत, पेडल मारत परत मिळवायची असते आणि त्यानंतर घरापर्यंतचे ५५ किलोमीटर शिल्लक असतातच. दाजीपूरच्या पुढचा फोंडा घाट, मलकापूरच्या पुढचा आंबा घाट, सगळीकडे हाच क्रम.

उतरायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत उतरा आणि घाटाच्या पायथ्याशी थांबून नीट खा. किंवा खालून गाडीची सोय आधीच करून ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने गगनबावड्याच्या चौकातूनच मागे फिरावं, हे माझं स्पष्ट मत. शिवाय घाट सुरू आहे का याची चौकशी आदल्या दिवशी करा. दरडी आणि रस्त्याची कामं यामुळे हे घाट बंद होतात. २०२४ मध्ये करूळ घाट कितीतरी महिने बंद होता.

उतारावर ब्रेक सतत दाबून धरणं ही याच्याच जोडीची चूक. चाकाच्या कडेला घासणारा रिम ब्रेक असेल तर रिम तापते, आतली हवा तापते आणि ट्यूब फुटू शकते. चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारा डिस्क ब्रेक असेल तर पॅड गुळगुळीत होऊन किंचाळू लागतात आणि पकड कमी होते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग उतरवा, वळणात सोडा, सरळ भागात चाकांना वारा लागू द्या. ब्रेक दाबला की लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जातोय असं वाटलं तर थांबा आणि पाच-दहा मिनिटं जाऊ द्या.

गिअर अडतो, चेन उडी मारते

बऱ्याच रोड बाईकला मागे २८ दातांचा मोठा गिअर येतो. सपाटीवर तो पुरतो. घाटात मात्र गुडघे बोलू लागतात. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्याला २८ दात असताना पेडलचे मिनिटाला साठ फेरे मारायचे तर ताशी सुमारे नऊ किलोमीटर वेग ठेवावा लागतो. मागे ३४ दात बसवले तर तेच साठ फेरे साडेसात किलोमीटरवर जमतात. दीड किलोमीटरचा हा फरक लांब चढावर फार मोठा आहे. मात्र कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) बदलण्याआधी मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) तेवढे दात पेलतो का, हे दुकानात विचारून घ्या.

चढावर मोठ्या दाताकडे जाताना चेन कचरत असेल, तर बहुतेक वेळा केबल सैल झालेली असते. मागच्या डिरेलरला जिथे केबल शिरते तिथली गोल चकती घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा, गिअर बदलून बघा, गरज पडली तर आणखी पाव फेरा. छोट्या दाताकडे जाताना अडत असेल तर उलट करा. गिअर चढ लागण्याआधी बदला. पूर्ण जोर लावलेला असताना बदललात तर चेन पडते, आणि तीही नेमकी मागे ट्रक असताना.

वारा

पावसाळ्यात वारा कोकणातून, पश्चिमेकडून येतो. जाताना समोरून लागतो, येताना पाठीशी असतो. हिवाळ्यातल्या सकाळी बऱ्याचदा उलटं होतं. पूर्वेचा वारा तुम्हाला राधानगरीपर्यंत अलगद नेऊन सोडतो आणि परतताना छातीवर बसतो. जाताना सरासरी वेग अचानक वाढलेला दिसला तर आनंदाने जोर वाढवू नका, तेवढी ताकद परतीला लागणार आहे.

मिसळ शेवटी

तर्रीदार मिसळ हे राईडचं बक्षीस, इंधन नव्हे. चढाच्या आधी एवढं तेल-तिखट पोटात गेलं की पोट वेगळं आणि पाय वेगळे चालतात. वाटेत केळी, गूळ-शेंगदाणे, उसाचा रस घ्या, आणि पाण्यात चिमूटभर मीठ टाका. तहान लागण्याची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी घोट घ्या.

गळीत हंगाम

नोव्हेंबरपासून साधारण मार्चपर्यंत साखर कारखाने सुरू असतात. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडताना दुसरी ट्रॉली झोल खाते हे लक्षात ठेवा. तिच्या बाजूने घुसू नका आणि अगदी मागेही राहू नका, कारण वरून ऊस सुटतो. शेतातून बाहेर पडणाऱ्या चाकांचा चिखल डांबरावर पसरतो आणि पहाटेच्या दवात तो निसरडा होतो. तिथे वळू नका, ब्रेक दाबू नका, सरळ जाऊ द्या. नदीकाठच्या पहाटेच्या धुक्यात मागचा लाल दिवा हवाच.

पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. बाभळीचा काटा तिथेच रुतून राहिलेला असतो आणि दुसरी ट्यूबही त्यालाच बळी पडते.

माघातल्या रविवारी जोतिबाच्या खेट्यांना, म्हणजे डोंगरावरच्या पायी वाऱ्यांना, भाविक पहाटेपासून पायी चाललेले असतात. त्या दिवशी तो रस्ता त्यांचा. तुम्ही दुसरं खोरं निवडा.

पाणी आणि बंधारे

पावसाळ्यात निघण्याआधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघा. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. रेडे डोह फुटला, म्हणजे तिथून पुराचं पाणी पात्राबाहेर पडलं, की पन्हाळ्याचा रस्ता पाण्याखाली जातो, मांडुकलीजवळ पाणी आलं की गगनबावड्याचा. सकाळी मोकळा दिसलेला रस्ता दुपारी बंद झालेला असू शकतो, म्हणून परतीचा दुसरा मार्ग आधीच ठरवा. वाहत्या पाण्यातून सायकल नेऊ नका, घोट्याएवढं दिसलं तरी नाही.

कोल्हापूर पद्धतीचे बंधारे नदी ओलांडायला सोयीचे, पण अरुंद असतात आणि अनेकांना कठडा नसतो. पूर ओसरल्यावर त्यांच्यावर गाळ आणि शेवाळ राहतं. रोड बाईकचे अरुंद टायर त्यावर टिकत नाहीत. बंधाऱ्याच्या तोंडाशी उतरा, समोरून दुचाकी येत नाही याची खात्री करा आणि क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) जपत सायकल हातात धरून मधोमध चालत जा.