कामाचा ताण आणि मधुमेह: दोन्ही एकदम कसे सांभाळायचे

ताण आला की शरीर अ‍ॅड्रिनलीन आणि कॉर्टिसोल सोडतं. त्यामुळे यकृतातली साठवलेली साखर रक्तात उतरते आणि इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. म्हणूनच डेडलाइनच्या आठवड्यात जेवण तेच, गोळ्या त्याच, तरी ग्लुकोमीटरवरचा आकडा चढतो. पण त्याच आठवड्यात मीटिंग लांबली आणि जेवण राहिलं, तर साखर घसरूही शकते. तेव्हा ‘ताण आहे, म्हणजे वाढलेलीच असणार’ असं धरून चालू नका. मोजा.

घोटाळा असा की हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड ही घाबरल्याची लक्षणं आहेत आणि साखर उतरल्याचीही. प्रेझेंटेशनच्या आधी असं झालं तर बोटाला टोचून बघा. त्याआधी हात धुऊन कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा जास्त येतो. मीटर जवळ नसेल तर साखर उतरली आहे असंच समजून उपाय करा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवणारही नाही. घाम मात्र येतो, तिकडे लक्ष ठेवा.

आकडा 70 (mg/dL) च्या खाली असेल तर:

1. लगेच 15 ग्रॅम साखर घ्या: पाण्यात विरघळवलेले तीन-चार सपाट चहाचे चमचे, किंवा साधारण 150 मिली फळांचा रस. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू शोषली जाते.
2. 15 मिनिटं थांबून पुन्हा मोजा. अजून 70 च्या खालीच असेल तर तेवढीच साखर पुन्हा घ्या.
3. आकडा वर आला आणि जेवणाला वेळ असेल तर काहीतरी खा. मगच कामाला लागा. गाडी किंवा यंत्र चालवायचं असेल तर पूर्ण बरं वाटेपर्यंत नाही.

ग्लुकोजच्या गोळ्या टेबलाच्या खणात ठेवा आणि बॅगेतही. मीटिंगला जाताना माणूस बॅग जागेवरच सोडून जातो, म्हणून खिशातही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते जेवणाच्या वेळेमुळे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याला ‘आज उशिरा जेवू’ हे परवडत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला थोडी सूट असते. कॅलेंडरमध्ये जेवणाची 30 मिनिटं मीटिंगसारखीच अडवून ठेवा. जेवणाआधीचं जलद इन्सुलिन ‘पाच मिनिटांत उठतोच’ म्हणून टोचू नका. ताट समोर येण्याची खात्री झाली की मग टोचा.

आकडा वर दिसला की घाईने जादा डोस घेण्याचा मोह होतो. जलद इन्सुलिनचा परिणाम साधारण चार तास चालतो, त्यामुळे आधीचा डोस काम करत असताना दुसरा चढवला तर संध्याकाळी साखर कोसळते. त्यापेक्षा पाणी प्या आणि जेवणानंतर 10-15 मिनिटं चाला. फोनवरचं बोलणं चालत केलं तरी चालेल. साखर 250 च्या वर आणि सोबत उलटी किंवा पोटदुखी असेल तर मात्र चालायला जाऊ नका. कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) लघवीत किंवा रक्तात तपासा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. टाइप 1 मध्ये तर मुळीच थांबू नका.

दोन आठवडे एक छोटी नोंद ठेवा: वेळ, आकडा, काय खाल्लं आणि ताण 1 ते 10 मध्ये किती. ताणाचे दिवस आणि चढलेले आकडे जुळत असतील तर हा कागद डॉक्टरांसमोर ठेवा. डोस त्यांनाच ठरवू द्या.

साहेबांना आजाराची कहाणी सांगायची गरज नाही. ‘प्रकृतीच्या कारणामुळे मला दुपारी एक ते दीड जेवणासाठी मोकळा वेळ लागतो’ एवढं पुरतं, आणि ते ईमेलवर लिहून दिलेलं बरं. शेजारच्या एका सहकाऱ्याला मात्र नीट सांगून ठेवा: गोळ्या कुठे आहेत, आणि मी शुद्धीवर नसलो तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, अँब्युलन्स बोलवायची.