फॉर्म भरणारा प्रोग्रॅम लिहिताय? २०० बघून खूश होऊ नका

हिंजवडीत नवीन लागलेल्यांच्या गळ्यात हे काम हमखास पडतं: एक्सेलमधल्या नोंदी कुठल्यातरी जुन्या पोर्टलवर प्रोग्रॅमने भरायच्या. माझ्याही पडलं होतं. गेट, पोस्ट, कुकी तुम्हाला माहीत आहेत असं धरतो.

खरा घोळ जुन्या एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या तंत्रावर बांधलेल्या पोर्टल्समध्ये होतो. पानात व्ह्यूस्टेट नावाचं लांबलचक हिडन फील्ड असतं, म्हणजे पानावर न दिसणारं पण फॉर्मसोबत जाणारं; पानाची स्थिती त्यात साठवलेली असते. ते न पाठवता नुसती नाव-पत्त्याची फील्ड्स पोस्ट केलीत, तर सर्व्हर तक्रार करत नाही. पान पहिल्यांदाच उघडलंय असं समजून तो कोरा फॉर्म परत देतो. स्टेटस २००, म्हणजे ‘सगळं ठीक’. लॉगमध्ये सगळं यशस्वी, डेटाबेसमध्ये एकही नोंद नाही! ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो.

व्ह्यूस्टेट पाठवलंत, तरी बटण राहतं. दाबलेल्या सबमिट बटणाचं नावही ब्राउझर पाठवतो आणि सर्व्हर त्यावरूनच क्लिक ओळखतो. ते गाळलंत तर सेव्हचा कोड चालतच नाही. पुन्हा २००. त्यापेक्षा जँगोसारखं वेब फ्रेमवर्क बरं, फॉर्ममध्ये लपवलेलं सुरक्षेचं टोकन नसेल तर सरळ ४०३ ही एरर देतं; लॅराव्हेल हे दुसरं फ्रेमवर्क ४१९ देतं.

म्हणून आधी गेट करा. आलेल्या एचटीएमएलमधली सगळी हिडन फील्ड्स उचला, आपला डेटा आणि बटण जोडा, आणि त्याच सेशनमधून पोस्ट करा. कालचं टोकन कोडमध्ये चिकटवू नका. उत्तरात पावती क्रमांक सापडला तरच नोंद झाली असं माना. नाही सापडला तर प्रोग्रॅम तिथेच थांबवा.

‘सरळ सेलेनियम लाव’ (म्हणजे खरा ब्राउझरच प्रोग्रॅमने चालव) म्हणणारे सीनियर भेटतील. पानावर जावास्क्रिप्टच सगळं करत असेल तर जरूर लावा. पण ब्राउझर नक्की काय पाठवतो हे आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये बघा, तिथला प्रिझर्व्ह लॉग हा पर्याय चालू ठेवून. नाहीतर पुढचं पान उघडताच आधीच्या नोंदी पुसल्या जातात. जो सीनियर शेजारी बसून हे दाखवतो, त्याला सोडू नका.

घाबरू नका, एकदा ही जोडणी जमली की पुढचे फॉर्म भराभर होतात. टिक न केलेला चेकबॉक्स आणि डिसेबल केलेलं फील्ड ब्राउझर पाठवत नाही, तुम्हीही पाठवू नका.

कॅप्चा दिसला तर मात्र पळवाट शोधू नका. पोर्टलवाल्यांना मेल करून एपीआय किंवा एकगठ्ठा अपलोडची सोय मागा.