जुन्या लाल लाद्यांना सीलर लावण्याआधी या चुका टाळा

कोकणातली आणि गोव्यातली जुनी घरं पाडण्याऐवजी दुरुस्त करायला हल्ली बरेच लोक पुढे येतात, याचा मला मनापासून आनंद आहे. घर शाकारताना, वासे बदलताना लोक चार जाणत्यांना विचारतात. जमिनीची पाळी येईपर्यंत मात्र पैसेही संपत आलेले असतात आणि धीरही. मग ज्या लाद्यांवर तीन-चार पिढ्या वावरल्या, त्या आठवडाभरात कायमच्या बिघडतात. बिघडवण्याचे प्रकार घरोघरी तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

मी बोलतोय ते भाजलेल्या मातीच्या, ग्लेझ (वरचा काचेसारखा चकचकीत थर) नसलेल्या लाल लाद्यांबद्दल. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरूला कौलांचा कारखाना काढला, त्याच्यामागून तिथे इतर कारखाने उभे राहिले आणि त्या मातीची कौलं न् लाद्या पश्चिम किनाऱ्यावर सगळीकडे पोचल्या. सुटी झालेली लादी उलटून पाहिलीत तर कधीकधी पाठीवर कारखान्याचं नाव दाबलेलं सापडतं. अशा लादीखाली चुन्याचा थर असतो आणि त्याखाली धुम्मस मारून बसवलेली माती किंवा जांभ्याचा चुरा. ओल अडवणारं काहीही मध्ये नसतं. जमिनीतली ओल चुन्यातून वर येते, लादीतून बाहेर पडते आणि हवेत उडून जाते. बांधणाऱ्यांनी हे गृहीत धरलं होतं. पुढच्या बहुतेक चुका ही वाट बंद केल्याने होतात.

ओल्या जमिनीवर चकचकीत थर

सगळ्यात जास्त नुकसान मी याच चुकीने झालेलं पाहिलं आहे.

वेंगुर्ल्याजवळचं एक चौसोपी घर. मालक मुंबईला, घरी त्यांची आई. जुलैमध्ये त्यांचा फोन आला: ओटी आणि माजघर गणपतीच्या आधी चमकायला हवं. मी जाऊन पाहिलं. लाद्या सुंदर होत्या, कडा शाबूत, सांध्यातला चुनाही बऱ्यापैकी टिकलेला. पण हात ठेवला की तळवा ओला व्हायचा. मी म्हटलं, आता फक्त झाडून-पुसून घ्या, काम फेब्रुवारीत करू. आजींनीही तेच सांगितलं. "पावसात लादी ओली जाताच रे, तिका आता काय लावू नको," असं त्या मुलाला माझ्यासमोर म्हणाल्या. मुलाला मुहूर्त गाठायचा होता. त्यांनी दुसरा पॉलिशवाला पाहिला. त्याने हॅलोजनचे दिवे आणि पंखे लावून दोन दिवस जमीन सुकवली आणि दोन भाग मिसळून करायचं पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा थर धरणारं पॉलिश) दोन हात मारलं.

चतुर्थीला जमीन आरशासारखी दिसत होती, असं सगळे सांगतात. दिवाळीत तिच्यावर दुधाळ ढग आले. मार्गशीर्षात थर जागोजागी फुगला. मला परत बोलावलं तेव्हा मी एका फोडाखाली नख घातलं, तर पापुद्रा अलगद उचलला गेला आणि त्याच्याबरोबर लादीची भाजलेली लाल कातडीही आली. खाली कापसासारख्या पांढऱ्या, बारीक सुया होत्या. ते क्षार. जमिनीतली ओल वर येताना क्षार विरघळवून आणते. वर वाट मोकळी असेल तर ते पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीसारखे जमतात आणि झाडूने निघून जातात. वर थर बसवला की ते थराखाली, लादीच्या आतच स्फटिक होतात. स्फटिक वाढताना जागा मागतो आणि ती लादी फोडूनच मिळवतो. हॅलोजनने सुकला होता तो फक्त वरचा पृष्ठभाग. खालचा चुना आणि माती पावसाळ्यात दोन दिवसांत सुकणं शक्यच नव्हतं.

ते काम निस्तरायला पूर्ण उन्हाळा गेला. पेंट रिमूव्हरची जेल लावून, प्लास्टिकच्या पट्टीने थर हळूहळू काढला. धातूची पट्टी वापरली असती तर उरलीसुरली कातडीही गेली असती. मग छापील नसलेल्या कागदाचा लगदा स्वच्छ पाण्यात कालवून लाद्यांवर थापला आणि वाळू दिला. वाळताना तो क्षार ओढून घेतो. वाळला की खरवडून फेकायचा, परत नवा थापायचा. माजघरातल्या मधल्या ओळी तरीही वाचल्या नाहीत. गोठ्याच्या पडवीतल्या लाद्या उचलून तिथे बसवल्या. त्या ओळींचा रंग आजही थोडा वेगळा दिसतो.

म्हणून सीलर, म्हणजे लादीत पाणी आणि मळ शिरू नये म्हणून लावायचं द्रव्य, कुठलाही असो, आधी जमीन सुकली आहे की नाही ते पाहा. दोन फूट बाय दोन फुटांचा पॉलिथिनचा तुकडा लादीवर पसरा, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि चोवीस तास हात लावू नका. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा लादी गडद झाली, तर थांबा. एकाच जागी तपासून समाधान मानू नका. मी बाहेरच्या भिंतीलगत, मोरीजवळ आणि खोलीच्या मधोमध असे तुकडे लावतो, कारण मधली जमीन सुकलेली आणि भिंतीकडची ओली, हे नेहमीचं आहे. कोकणात मी धुण्याचं काम जानेवारीच्या आत उरकतो आणि तेल किंवा सीलर फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत लावतो. मे महिन्यात हवेतला दमटपणा वाढतो आणि तेल सुकायला तयार होत नाही. तुमची रजा मे महिन्यात असते हे मला ठाऊक आहे, पण लादीला त्याचं काही देणंघेणं नाही.

मार्चमध्येही जमीन ओलीच असेल तर सीलर विसरा आणि घराबाहेर या. जोत्याला लागून मातीचा भराव चढला आहे का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरतं आहे का? आणि मुख्य म्हणजे, सारवलेलं खळं काढून तिथे सिमेंटचा कोबा केला आहे का? अंगणातून उडून जाणारी ओल कोब्याखाली अडली की सरकत घराच्या भिंतीत आणि जमिनीत येते. लाद्यांवर हजारो रुपये घालवण्याआधी भिंतीलगतचा हातभर कोबा फोडा, तिथे खडी भरा, आणि एक पावसाळा जाऊ द्या.

ॲसिड

"थोडंसं ॲसिड मारलं की एका दिवसात लख्ख." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, आणि ते खरंही आहे. त्या दिवशी जमीन लख्खच दिसते.

ॲसिड म्हणजे बाजारात बाटलीत मिळतं ते हायड्रोक्लोरिक. लादीची भाजलेली माती त्याला काही काळ दाद देत नाही, पण सांध्यातला आणि खालचा चुना लगेच विरघळायला लागतो. जो फेस पाहून लोकांना मळ निघतोय असं वाटतं, तो बहुतेक चुन्याचाच असतो. चुना आणि हे ॲसिड मिळून कॅल्शियम क्लोराईड तयार होतं. हा क्षार हवेतली ओल स्वतःकडे ओढतो. तो सच्छिद्र लादीत आणि सांध्यात मुरला की कितीही पाणी ओतून पूर्ण निघत नाही. मग कोरड्या दिवसांतही जमीन चिकट, दमट लागते, आणि घरमालक म्हणतात की घरात ओल आहे. वर सांधे पोकळ झाल्याने लाद्या हलायला लागतात. ॲसिडनंतर वास जावा म्हणून कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो आणि माणसाच्या जिवावर बेततं.

मी काय करतो ते सांगतो. आधी कोरडं काम: लाकडी पट्टीने मेणाचे, शेणाचे, रंगाचे थर खरवडायचे, मग काथ्याच्या ब्रशने घासायचं. पांढरे क्षार दिसले तर तेही कोरडेच झाडून, उचलून बाहेर टाकायचे. पाण्याने पुसले की ते विरघळून परत लादीत जातात. त्यानंतर रिठ्याचं कोमट पाणी, एका वेळी चार-पाच लाद्यांवर, आणि घासल्याबरोबर सुक्या फडक्याने टिपून घ्यायचं. धुण्याचा सोडा मी वापरत नाही. मळ उत्तम काढतो, पण तोही क्षारच आहे आणि आतच राहतो. वर्षानुवर्षांचं लाल मेण-पॉलिश टर्पेंटाइनने सुटतं, खिडक्या उघड्या ठेवून. देवघरासमोर समईच्या तेलाचे डाग असतात, तिथे मुलतानी माती मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून बोटभर जाड थापायची, प्लास्टिकने झाकायची आणि दुसऱ्या दिवशी उघडून वाळू द्यायची. डाग पहिल्या खेपेला फिका होतो, पूर्ण जायला तीन-चार खेपा लागतात. थोडा राहिला तर राहू द्या. पन्नास वर्षं जिथे दिवा लागला तिथे डाग असण्यात वाईट काय आहे?

सांध्यात सिमेंट

सिमेंट लादीपेक्षा कडक असतं. जमीन जराशी हलली की सांधा तुटायला हवा. सिमेंट भरलं असेल तर लादी तुटते. शिवाय सिमेंटमधून ओल सहज जात नाही, म्हणजे सगळा भार लादीवर येतो आणि तिच्या कडा झिजून सिमेंटच्या रेघा उभ्या राहतात. सांधे चुना-सुरखीनेच (सुरखी म्हणजे भाजक्या मातीचा कुटलेला चुरा) भरा: एक भाग भिजवून मुरवलेला चुना, दोन भाग चाळलेली बारीक सुरखी. सुरखीमुळे चुना दमट जागीही धरतो. भरल्यावर चार-पाच दिवस ओलं गोणपाट टाका. वाळू लागलीच तर ती नदीची घ्या. खाडीची वाळू स्वस्त पडते आणि मीठ फुकट घरात आणते. गवंडी "सिमेंटमध्ये लाल रंग टाकतो, कळणार पण नाही" म्हणाला तर दुसरा गवंडी शोधा.

सुटी लादी परत बसवण्याआधी पाण्यात भिजवा. कोरडी लादी चुन्यातलं पाणी शोषून घेते आणि पकड बसतच नाही. लाद्या उचलण्याआधी खडूने आकडे घाला आणि मोबाइलवर फोटो काढा. कुठल्या उचलायच्या ते बोटाच्या पेराने ठोकून ठरवा. पोकळ वाजते पण हलत नाही, ती लादी तशीच राहू द्या.

मशीन फिरवणं

लाद्या घासून गुळगुळीत करणारं मशीन नका फिरवू. भट्टीत लादीची वरची कातडी सगळ्यात घट्ट भाजली जाते. मशीन तीच काढतं आणि खालची मऊ, पाणी पिणारी माती उघडी पडते. जमीन सपाट होईल, आणि त्यानंतर चहा सांडला तरी डाग पडेल. प्रेशर वॉशरचंही तसंच, तो सांधे उडवतो.

ओळखण्यात चूक

मुंबई, पुणे, कोल्हापूरच्या जुन्या घरांतल्या नक्षीच्या रंगीत लाद्या बहुधा भाजलेल्या नसतात. त्या सिमेंटच्या, दाबून केलेल्या असतात; १९२२ साली सुरू झालेल्या मुंबईच्या भारत टाइल्सने त्या प्रसिद्ध केल्या. त्यांचा रंगाचा थर वरच्यावर असतो आणि ॲसिडने तो थेट खाल्ला जातो. तुटलेली कड पाहा. आरपार लाल भाजकी माती दिसली तरच हा लेख तुमच्या जमिनीला लागू आहे.

तेल जास्त लावणं

राहत्या खोल्यांसाठी मी अजूनही जवसाचं तेलच वापरतो. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड म्हणून मिळतं. कच्चं जवस तेल नको, ते आठवडेच्या आठवडे वाळत नाही. पहिला हात अर्धं तेल, अर्धं टर्पेंटाइन. पातळ असेल तरच आत जातं. अर्ध्या तासात जे आत गेलं नाही ते सगळं, अगदी सगळं, कोरड्या फडक्याने पुसून काढा. नवशिके इथे हमखास घसरतात. "राहू दे, अजून पिईल" म्हणत तेल सोडून देतात, आणि ते चिकट डिंकासारखं होऊन वर्षभर पायांची धूळ धरतं. पुढचा हात पहिला पूर्ण सुकल्यावरच द्या. लादी प्यायची थांबली की थांबा, आणि वरून मेणाचा पातळ हात द्या. तेलाने लादी गडद होते आणि ते मागे घेता येत नाही, म्हणून आधी दाराआडच्या एका लादीवर लावून पाहा.

तेलाची फडकी कोपऱ्यात बोळा करून टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, आणि बोळ्यात ती उष्णता अडकून फडकं आपोआप पेटू शकतं. लाकडी वाशांच्या घरात हे किती महागात पडेल ते सांगायला नको. फडकी बाहेर दोरीवर एकेक सुटी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. कामगारांना हे रोज सांगा.

स्वयंपाकघरात तेलापेक्षा आत मुरणारा, थर न धरणारा सायलेन-सायलॉक्सेन सीलर बरा. तो पाणी आत घेत नाही, पण वाफ बाहेर सोडतो. डब्यावर "हाय ग्लॉस" किंवा "वेट लुक" लिहिलं असेल तर तो डबा दुकानातच ठेवा. आणि ज्या खोलीत दर पावसाळ्यात ओल वर येते, तिथे काहीच लावू नका. रोज अनवाणी चालून आणि पुसून त्या लाद्यांना जी मंद झाक येते, ती पुरेशी असते.

रोजच्या पुसण्याला फिनेल नको, घट्ट पिळलेलं फडकं आणि साधं पाणी बास. वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, वावराच्या वाटेवर मेणाचा हात द्या. आणि दुरुस्तीत निघालेल्या जुन्या लाद्या, तुटक्यासुद्धा, डंपरमध्ये जाऊ देऊ नका. अखंड असतील त्या पडवीत उभ्या रचून ठेवा, तुटलेल्या कुटून चाळा. पुढच्या वेळी सांधे भरायला तीच सुरखी रंगाला बरोबर जुळते.