बॉल पीन हातोडा आणि त्याचा दांडा: या चुका टाळा

सोमवारी सकाळी शेडचं शटर वर केलं की मी आधी कूलंटच्या ड्रमाशेजारची बादली बघतो. पाऊस संपून हवा कोरडी पडायला लागली की त्या बादलीत एखादा तरी हातोडा बुडी मारून बसलेला असतोच. कुणी घातला ते विचारावं लागत नाही. ज्याने घातलाय तो स्वतःच येऊन कौतुकाने काढून दाखवतो. "मामा, शनिवारी दांडा नुसता खडखडत होता. खरं आता कसा घट्ट बसलाय बघा की!"

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून माझी तीस वर्षं गेली. आयटीआयमधून नवीन आलेली पोरं, गॅरेजमधून इकडे वळलेली पोरं, कुणाचे तरी भाचे म्हणून चिकटलेले हेल्पर, सगळ्यांना बघितलं. सहा महिन्यांत लेथ चालवायला शिकतात, व्हर्नियर वाचतात, मोबाइलवरून ड्रॉइंग काढून आणतात. बॉल पीन, म्हणजे एका बाजूला ठोकायचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला गोळा असलेल्या हातोड्याला दांडा बसवणं मात्र त्यांना हलकं काम वाटतं.

तर पाण्याचं गणित असं. पाण्यात घातलेलं लाकूड फुगतं, हे खरं. पण ते फुगतं कुठे? भोवती हातोड्याचा लोखंडी डोळा, म्हणजे दांडा बसायचं भोक आहे, तो तसूभर सरकत नाही. मग फुगणारं लाकूड आतल्या आत चेपतं, त्याचे धागे दबून मरतात. दोन दिवस हातोडा घट्ट वाटतो. पाणी उडून गेलं की लाकूड आकसतं, आणि चेपलेले धागे काही परत उभे राहत नाहीत. म्हणजे आधी केसभर ढिला असलेला दांडा आता दोन केस ढिला. पुन्हा बादली, पुन्हा ढिला. डोळ्यात काळं पडलेलं लाकूड आणि आतून गंज लागलेला हातोडा दिसला की समजायचं, याला बादलीची सवय लागलेली आहे.

आणि हे मी शहाणपण शिकवायला सांगत नाही. बादली मीही केलीय. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली होती. उन्हाळ्याचे दिवस, पत्र्याची शेड, दुपारचे दोन-अडीच. एका मोठ्या पुलीची गिब चावी, म्हणजे पुली शाफ्टवर पक्की धरणारी लोखंडी पाचर, निघत नव्हती. दीड पौंडी हातोडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी मिरवत आणलेला. दुपारपर्यंत तो वाळला असेल, हे डोक्यातच आलं नाही. ड्रिफ्ट, म्हणजे ठोका पोचवायची बोथट सळई, लावून चार-पाच ठोके घातले, सहाव्याला हात एकदम हलका झाला. माझ्या हातात नुसता दांडा. हातोडा उडाला, मागे वाकून स्पॅनर शोधणाऱ्या हेल्परच्या कानाजवळून गेला आणि मागच्या पत्र्यावर आदळला. तो पोरगा काही बोलला नाही. उठला, बाहेर जाऊन पाण्याच्या टाकीपाशी बसला आणि संध्याकाळपर्यंत आत आला नाही. पत्र्याला पडलेला पोचा अजून आहे. नवीन पोराला मी तो पहिल्याच दिवशी दाखवतो. पोरं हसतात आणि ऑक्टोबरात बादली भरतात.

डिझेलमध्ये किंवा जळक्या ऑइलमध्ये बुडवणारे पाण्यावाल्यांपेक्षा स्वतःला हुशार समजतात. त्यात दांडा हातातून निसटायचीही सोय होते, एवढाच फरक.

दांडा बसवायचा तर चैत्र-वैशाखात बसवा

आपल्याकडची हवा विसरून चालत नाही. जून लागला की बेळगावात कपडे वाळत नाहीत, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर भिंतींना पाझर फुटतो. त्या दिवसांत बाजारातून आणलेला ओलसर दांडा कितीही ठोकून बसवा, मार्चमध्ये तो खुळखुळणारच. उलट उन्हाळ्यात खडखडीत वाळलेला दांडा बसवला तर पावसात तो बेताचा फुगतो आणि आणखी पक्का होतो. म्हणून मी वर्षाचे दांडे एप्रिलच्या शेवटी बसवतो. चार-पाच जास्तीचे दांडे घरी माळ्यावर, कौलांखाली पडलेले असतात. दोन-दोन वर्षं वाळतात. घरच्यांना ती अडगळ वाटते, आणि त्यांचंही खरं आहे.

बसवायची माझी पद्धत सांगतो. हातोड्याचा डोळा मधे अरुंद आणि दोन्ही तोंडांना मोकळा असतो. ती रचना मुद्दाम केलेली असते. दांडा खालून शिरून मधे आवळला जातो आणि वरच्या मोकळ्या बाजूला पाचर मारली की लाकूड पसरतं, मग मागे यायला वाट राहत नाही. दांड्याच्या डोक्याला करवतीने डोळ्याच्या लांब बाजूने खाच घ्यायची, खोली डोळ्याच्या साधारण दोन तृतीयांश. दांडा थोडा शिरवायचा, पुन्हा काढायचा, जिथे काळा डाग उमटला तिथे कानशीने घासायचं, पुन्हा शिरवायचा. या शिरव-काढ करण्यातच पोरांचा जीव जातो. शेवटचं बसवताना हातोडा फरशीवर आपटायचा नाही. दांडा हातात उभा धरायचा, हातोड्याचं डोकं खाली लोंबतं ठेवायचं आणि दांड्याच्या बुडावर लाकडी मोगरीने ठोके द्यायचे. जड डोकं जागेवर राहतं, दांडा त्यात उतरत जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं हातोडाच आपोआप वर चढतोय. मग वाळलेल्या टणक लाकडाची पाचर, तिच्यावर आडवी किंवा तिरकी एक लोखंडी पाचर. वर उरलेलं लाकूड कापून त्यावर जवसाचं तेल.

पाचरीच्या जागी खिळा मारणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडलंय. खिळा लाकूड पसरवत नाही, चिरतो.

जवसाचं तेल फडक्याने दांड्याला चोळायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी उरलेलं पुसून काढायचं. असं तीन-चार वेळा. पण ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना गरम होतं, आणि बोळा करून टाकलेलं फडकं कुणी काडी न लावता पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा किंवा पाण्यात टाका. बादली लागतेच तर या कामाला वापरा.

लाकूड कुठलं?

विलायती कॅटलॉगांत हिकरी आणि अ‍ॅश ही नावं असतात. ती लाकडं उत्तमच, पण आपल्या दाराशी धामण उभी असताना त्यांच्यासाठी झुरायचं कारण नाही. धामणीचं लाकूड लवतं आणि पुन्हा सरळ होतं, ठोक्याचा हिसका पोटात घेतं. कुऱ्हाडीच्या दांड्याला जुनी माणसं ती उगीच नाही शोधायची. धावडाही चिवट. बैलगाडीचा कणा ज्या लाकडाचा करत, त्याला हातोड्याचं ओझं ते काय? मात्र तो जड असतो आणि घासताना घाम काढतो. बाभूळ सगळीकडे मिळते, गाठी चुकवून निवडली तर वर्षानुवर्षं टिकते. जंगलात कोयता घेऊन शिरायचं नाही, ओळखीच्या सुताराकडून वाळलेला तुकडा घ्यायचा.

सागवान नको. दार-खिडकीला सागवानासारखं लाकूड नाही, पण हातोड्याच्या दणक्याला ते तडकतं. "मामा, सागवानी आहे, भारी आहे," म्हणून एकाने मला दिवाळीत दांडा आणून दिला. शोकेसमध्ये ठेवलाय.

लाकडाच्या जातीपेक्षा रेघा जास्त महत्त्वाच्या. दांड्याचं बूड डोळ्यांसमोर धरा. कापलेल्या तोंडावर वाढीच्या रेघा दिसतात. त्या रेघा हातोड्याच्या तोंडाकडून गोळ्याकडे, म्हणजे ठोक्याच्या दिशेने जाणाऱ्या हव्यात, आडव्या नकोत. मग दांडा लांबीला बघा. धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला हवेत. अर्ध्यातच तिरके होऊन कडेला निघून गेले असतील, तर दांडा त्याच तिरक्या रेघेवर तुटणार, तेही सुऱ्यासारखं टोक काढून. लाल-पिवळा रंग मारलेला दांडा मी घेत नाही. रंगाखाली गाठ आहे की भुस्सा आहे, ते दुकानदारालाही ठाऊक नसतं. चकचकीत वार्निश असेल तर काचेच्या तुकड्याने खरवडून टाका. त्याने घामेजलेल्या हातात दांडा घसरतो आणि फोडही येतात.

फायबरच्या दांड्याला मी नावं ठेवत नाही. पावसात फुगत नाही, हिसका बराच खातो. पण डोक्यात तो चिकटवलेला असतो. एकदा हलला की आपल्या हातात काही उरत नाही, अख्खा हातोडा भंगारात. लोखंडी नळीवर रबर चढवलेला दांडा तुटत नाही, हे त्याचं कौतुक. दिवसभर छिन्नी मारून बघा, संध्याकाळी कोपर ठणकलं की कळेल ठोका कुणी खाल्ला ते. शिवाय तेलकट हातांनी वर्षभरात ते रबर फिरायला लागतं.

पाइप वेल्ड करणारे

हा दांडा तुटला म्हणून कायमचा इलाज करणारा पंथ. अर्धा इंची पाइप घ्यायचा, हातोड्याच्या डोळ्यात घालायचा, भोवती वेल्डिंग फिरवायचं, झालं. दहा मिनिटांत काम. हातोडा मध्यम कार्बनच्या पोलादाचा असतो. त्याला गार असतानाच वेल्डिंग मारलं की टाक्याशेजारची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. चीर तिथेच पडते, तीही आतून, दिसत नाही. माझ्या ओळखीच्या एका शेडमध्ये असा हातोडा पाच महिने झकास चालला. मग एके दिवशी टाक्याशी मोडून समोरच्या ड्रिल मशिनच्या पट्ट्यात गेला. माणूस वाचला, पट्टा आणि गार्ड गेले. त्या शेडचा मालक काय म्हणावा? "टाका नीट बसला नव्हता, परत मारतो."

याच पंथातले काही जण तुटलेला दांडा डोळ्यातून काढायला हातोडा भट्टीत टाकतात. लाकूड जळतं आणि तोंडाचं पाणीही उतरतं. पोलादावर निळी झाक आली की कडकपणा गेला म्हणून समजा. अडकलेलं लाकूड ड्रिलने पोखरून पंचाने काढायला पाव तास लागतो.

माझ्या डाव्या हातातला तीळ

कोपराखाली एक निळसर ठिपका आहे. तो तीळ नाही, पोलाद आहे. बेअरिंगची बाहेरची कडी निघेना म्हणून तिच्यावर एक हातोडा टेकवला आणि दुसऱ्याने त्यावर मारलं. कडकपणाच्या रॉकवेल मापात बेअरिंगचं पोलाद साठच्या आसपास असतं, हातोड्याचं तोंडही पन्नाशीच्या पुढे. दोन कडक चीजा एकमेकींवर आपटल्या की दोघींपैकी एकीची कड उडते, आणि ती गोळीसारखी उडते. मला फक्त मुंगी चावल्यासारखं झालं. रक्त थांबेना तेव्हा एक्स-रे काढला. कण खोल होता, डॉक्टर म्हणाले राहू दे, पण कधी एमआरआय काढायची वेळ आली तर आधी सांगायचं. तेव्हापासून खिशात पितळी ड्रिफ्ट आणि डोळ्यांवर चष्मा. हातोड्यावर हातोडा मारताना कुणी दिसलं की मी बाही वर करतो, बोलत नाही.

विकत घेताना थोडक्यात

ओतीव हातोडा घेऊ नका. बेळगावात फाउंड्र्या पुष्कळ, पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ही हातोड्याची जात नव्हे. तो घडवलेलाच हवा. जालंधर आणि नागौरकडचा घडीव माल बाजारात मिळतो.

तोंडाच्या कडेवर जुनी कानस फिरवा. कानस सहज लाकूड कापल्यासारखी चालली तर पोलाद मऊ, काचेवर घसरल्यासारखी गेली तर जास्त कडक, कड उडणार. जेमतेम धरली तर घ्या.

तोंड किंचित फुगीर आणि कडा मारलेल्या हव्यात. वापरून कडेला मिशा फुटल्या की ग्राइंडरवर घासायच्या, मधे मधे पाण्यात बुडवत, निळं होऊ न देता.

वजनाच्या बाबतीत प्रत्येक नवा पोरगा दोन पौंडीच उचलतो. मार्किंगच्या पंचाला दोन-अडीचशे ग्रॅम पुरतो, छिन्नीला एक पौंडी, फार तर दीड. वजन दुप्पट केलं तर ठोक्याची ताकद दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. वेग यायचा तर हातोडा हलका आणि हात दांड्याच्या बुडाशी हवा. गळ्याशी धरून मारणाऱ्याने दांड्याचे पैसे कशाला दिले?

गोळ्याकडे मात्र घेताना कुणी बघत नाही. तो गुळगुळीत, खड्डे नसलेला हवा, कारण रिव्हेटएवढंच त्याचं काम पॅकिंग, म्हणजे सांध्यातून गळू नये म्हणून घालायचा कागद, कापायला पडतं. पंपाच्या झाकणावर पॅकिंगचा कागद पसरायचा, एक बोल्ट घालून तो हलू नये असं करायचं आणि भोकांच्या कडेवर गोळ्याने टकटक करत फिरायचं. कागद कडेवर आपोआप कातरला जातो, मधली टिकली खाली पडते. कात्री लागत नाही. आवाज पत्त्यांची पिशी केल्यासारखा यायला हवा, घण घातल्यासारखा नाही. गेल्या महिन्यात आमच्या नव्या पोराने दोन पौंडीने पॅकिंग कापलं. अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, सगळ्या भोकांच्या कडा आत दबल्या, पूर्ण तोंड पुन्हा मशिनवर घ्यावं लागलं. त्याला आता मी माझ्या पेटीतला दोनशे ग्रॅमचा देतो, धामणीच्या दांड्याचा. संध्याकाळी आठवणीने परत घेतो, तो बादलीपर्यंत पोचायच्या आत.