जुन्या गाडीचा फ्लोअर: आधी गंज, मग आवाज

पद्मिनी किंवा अँबॅसिडरच्या फ्लोअरवर डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर आणि आवाज कमी करणारी चिकट शीट) चिकटवायची घाई करू नका. आधी मॅटखालचं जुनं फेल्ट उचला. ओल तिथेच मुरते आणि पत्रा आतून खात जाते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत वाजला तर ठीक. भद्द वाजला, पापुद्रे सुटले, तर तेवढा पत्रा कापून नवा वेल्ड करून घ्या. उरलेला तारेच्या ब्रशने घासून इपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीम सीलर.

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. स्वस्त डांबरी शीट त्यात मऊ पडते, वास सुटतो. ब्युटाइलचीच (एक प्रकारचं रबर) घ्या. सगळा फ्लोअर मढवू नका, सपाट भागाचा पाव हिस्सा झाकला तरी थरथर बरीच कमी होते. फ्लोअरमधली रबरी बुचं मात्र शीटखाली झाकू नका, आत शिरलेलं पाणी तिथूनच काढता येतं.