मुलांसाठी लढायांची पुस्तकं: आधी दाणागोटा बघा

माझी लेक अकरा वर्षांची आहे, शाळेत जात नाही, घरीच शिकते, आणि तिला लढाया लागतात. कोण कुठून आलं, तोफा किती होत्या, हरलेल्यांचं पुढे काय झालं, हे सगळं. साताऱ्यात राहून हा नाद पुरवणं सोपं असेल असं कुणालाही वाटेल, गच्चीत गेलं की समोर अजिंक्यतारा. पण दुकानात जाऊन "लहान मुलांसाठी इतिहासाची पुस्तकं दाखवा" म्हटलं की समोर येतात ती गुळगुळीत मुखपृष्ठाची, मोठ्या टायपातली चरित्रं. त्यांत लढाई दीड पानात उरकते, शत्रू पळत सुटतो आणि मुलाला पडलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. घरी शिकवणाऱ्या बाकीच्या आया मला सारखं विचारतात, म्हणून मी कसं शोधते ते एकदाचं लिहून काढते.

पुस्तक शोधायच्या आधी लढाई ठरवा. एकच. आणि जमलं तर अशी, जिची जागा एसटीने जाऊन बघता येईल. आपल्याकडे कशाला तोटा आहे? प्रतापगड १६५९, साताऱ्याचा वेढा १६९९–१७००. कराडच्या लोकांना वसंतगड आहे, सांगलीकरांना मिरजेचा किल्ला. लढाई ठरली की ग्रंथपालाला विचारायचा प्रश्नच बदलतो. "मुलांचं काहीतरी द्या" म्हटलं की तो बालविभागाकडे बोट दाखवतो. "औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला, त्यावर काय काय आहे?" असं विचारलं की तो खुर्चीतून उठतो. जुन्या नगरवाचनालयांत असा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक रोज येत नाही.

आम्ही साताऱ्याच्या वेढ्यापासून सुरुवात केली, त्यामुळे उदाहरण तेच घेते. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेब स्वतः इथे येऊन बसला. किल्ल्यावर, म्हणजे अजिंक्यताऱ्यावर, प्रयागजी प्रभू किल्लेदार. वेढा चार महिन्यांहून जास्त चालला. एप्रिलमध्ये मोगलांनी सुरुंग उडवले, त्यातल्या एकाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि हल्ल्यासाठी खाली तयार उभे असलेले मोगलच हजारोंनी गाडले गेले. प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. तरी २१ एप्रिल १७०० रोजी किल्ला द्यावा लागला आणि मोगलांनी त्याचं नाव आझमतारा केलं. एवढं तर कुठल्याही पुस्तकात सापडतं.

आता माझी कसोटी सांगते. लढाईचं पुस्तक हातात आलं की मी तलवारी-तोफांची पानं बाजूला ठेवते आणि शोधते की माणसं खात काय होती. घोड्यांना वैरण कुठून यायची? पाणी कुठलं? ज्या पुस्तकात दाणागोट्याचा पत्ता नाही, ते मी पोवाडा म्हणून वाचायला देते, इतिहास म्हणून नाही. पोवाड्याशी माझं वैर नाही, पण त्याचा कप्पा वेगळा.

साताऱ्याच्या वेढ्याबद्दल ग्रँट डफ वाचा. हा स्कॉटिश माणूस १८१८ ते १८२२ साताऱ्यातच कंपनी सरकारचा अधिकारी होता आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६मध्ये छापून आला. त्याच्या चुका आपल्या लोकांनी पुढे भरपूर काढल्या आणि काढायलाच हव्या होत्या, पण वेढ्याची मांडणी तो झकास सांगतो. बादशहाची छावणी उत्तरेला करंज्याला. पश्चिमेला शहाजादा आझम, शहापूरला. पूर्वेला तरबियतखान. किल्ल्यावर धान्य फार नव्हतं. मराठ्यांचे सरदार परशुराम त्रिंबक परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे आपल्या सज्जनगडावरून, रसद पोचवायच्या खटपटीत होते आणि त्यासाठी आझमला लाच दिली गेली, असं डफ लिहितो.

हे मी लेकीला मराठीत सांगितलं तेव्हा तिने तालुक्याचा नकाशा जमिनीवर पसरला, परळीवर एक बोट ठेवलं, किल्ल्यावर दुसरं, आणि मधे पट्टी ठेवली. पट्टी शहापूरच्या बाजूने गेली. "म्हणजे धान्याच्या वाटेवरच आझम बसला होता, मग पैसे त्यालाच देणार ना," असं म्हणून ती उठून पाणी प्यायला गेली. तिला करंजे माहीत आहे, तिथे तिची मैत्रीण राहते. बादशहाचा तंबू तिथे होता हे कळल्यापासून रिक्षातून जाताना ती तिथली उघडी जागा शोधत असते.

दाण्यानंतर मी आणखी काही गोष्टी बघते. नकाशा आहे का, आणि त्यात उत्तर दिशा दाखवली आहे का. शेवटी सूची आणि आधारग्रंथांची यादी आहे का. यादी नसलेलं पुस्तक चालतं, पण मग त्यातला एखादा आकडा वहीत उतरवताना आमच्याकडे पुढे प्रश्नचिन्ह काढतात. आणि समोरच्या बाजूची माणसं नावानिशी आहेत का. पानिपतावर भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता आणि अफजलखानाच्या फौजेत मराठे सरदारही होते, हे ज्या पुस्तकात सरळ सांगितलेलं नसतं ते पुस्तक मुलाला एकाच डोळ्याने बघायला शिकवतं. मी अशी पुस्तकं परत ठेवते, चित्रं कितीही सुंदर असोत.

वाचनालयात दोन नावांनी सभासद व्हा, एक तुमचं, एक मुलाचं. वर्गणी-अनामत मिळूनही एका जाड पुस्तकाच्या किमतीपेक्षा ती सहसा कमीच पडते. देवघेवीत जी मिळतील ती घरी आणा. खरी मजा संदर्भ विभागात आहे, पण तिथली पुस्तकं घरी देत नाहीत. तिथे मुलाला घेऊन बसायला परवानगी मागा, दुपारची वेळ मागा, आणि मूल गडबड करणार नाही हे आधी स्वतःशी पक्कं करा. झेरॉक्स काढू देतात का ते विचारून घ्या. जुन्या बांधणीची पुस्तकं यंत्रावर उघडी दाबली की पान सुटतं, त्यामुळे नाही म्हटलं तर हुज्जत घालू नका, हाताने उतरवून घ्या.

सांगली-मिरजेकडच्यांना एक खास सांगणं. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी पेशव्यांचे सरदार पटवर्धन यांच्या दप्तरातली पत्रं वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडाखंडाने काढला. मोडीतली ती पत्रं बाळबोधीत छापलेली आहेत. पेशवाईतल्या मोहिमांवरून लिहिलेली, कुणी पगाराची तक्रार करतो, कुणी पावसाने तळ कसा चिखलात गेला ते लिहितो. भाषा जुनी आहे, मुलाला एकट्याने झेपणार नाही. आपण मोठ्याने वाचायचं, अडलं की थांबायचं, एका बैठकीत एकच पत्र. पाठ्यपुस्तकातलं पानिपत आणि तळावरून लिहिलेलं पत्र यांतला फरक कुठल्याही मुलाला पहिल्या पत्रातच कळतो. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चंही तसंच, त्यांचा पहिला खंड पानिपतच्या आसपासच्याच पत्रांचा आहे.

विकत घ्यायची घाई करू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तकावरचा हक्क संपतो. राजवाडे १९२६मध्ये गेले, जदुनाथ सरकार १९५८मध्ये, रियासतकार सरदेसाई १९५९मध्ये, पानिपतवर लिहिणारे शेजवलकर १९६३मध्ये. त्यांची जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर स्कॅन केलेली सापडतात. शोधताना मात्र डोकं चालवावं लागतं. स्कॅनच्या आतला मराठी मजकूर शोधयंत्राला नीट वाचता येत नाही, म्हणून लढाईच्या नावाने शोधू नका, लेखकाच्या नावाने शोधा, आणि नाव देवनागरीत व रोमन अक्षरांत दोन्हीकडून टाकून बघा. शीर्षकातल्या नावांचंही तसंच, अफजल लिहिलं तर एक सापडतं, अफझल लिहिलं तर दुसरं.

मराठी विश्वकोश तर फुकट आहे आणि त्याचं संपादन आपल्या वाईत झालं आहे. लढायांवरच्या नोंदी छोट्या, कोरड्या, नेमक्या असतात. मूल दहाच्या पुढचं असेल तर आधी नोंद वाचायला द्या आणि तिच्यातून पडलेले प्रश्न लिहून घ्या. पुढचं पुस्तक त्या प्रश्नांवरून निवडायचं. 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवले आहेत, धाकट्यांसाठी ते पुरेत. इंग्रजी चालत असेल तर साताऱ्याचं १८८५चं गॅझेटियर काढा आणि शेवटचं गावांचं प्रकरण उघडा. आपल्या गावाचं नाव सापडलं की मूल उरलेलं स्वतः वाचतं.

तारखांचा घोळ होणार, त्याला घाबरू नका. शिवराज्याभिषेक बहुतेक पुस्तकांत ६ जून १६७४ आहे, काही ठिकाणी १६ जून. दोन्ही बरोबर. इंग्रज १७५२पर्यंत जुनी दिनदर्शिका वापरत होते आणि १६७४मध्ये ती नवीपेक्षा दहा दिवस मागे होती. तिथी मात्र एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. आमच्या वहीत म्हणून तिथीचा रकाना पहिला आहे.

रक्तपाताचं काय, हे हमखास विचारलं जातं. आधी स्वतः वाचा, एवढंच. प्रतापगडची भेट मुलं सहज पचवतात, कारण ती दोघांची झटापट आहे. पानिपतचा दुसरा दिवस मी लेकीला अजून दिलेला नाही. भाऊच्या फौजेची उपासमार मात्र दिली, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसद कशी तुटली तिथपर्यंत.

कादंबऱ्यांबद्दल भांडणं होतात. आमच्याकडे कादंबरी वेगळ्या फळीवर असते आणि त्या लढाईचं निदान एक साधं इतिहासाचं पुस्तक वाचून झाल्याशिवाय हात लावायचा नाही. नंतर वाचली की मूल स्वतःच सांगतं, हे संभाषण कुणी ऐकलं होतं?

महायुद्धांकडे वळायचं असेल तर अपशिंग्याहून चांगली जागा नाही. अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान गेले, गावात त्यांचं स्मारक आहे. ते बघून मूल विचारणार की हे लोक एवढ्या लांब कुठे मेले. तेव्हा कूतचा वेढा काढा. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, डिसेंबर १९१५पासून २९ एप्रिल १९१६पर्यंत सहावी पुणे डिव्हिजन कूतमध्ये अडकली होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. धान्य संपलं, घोडे कापायची वेळ आली आणि कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस बराच काळ खाल्लं नाही. साताऱ्याचा वेढा वाचलेल्या मुलाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर त्या काळातल्या मृत सैनिकांची नोंद फुकट शोधता येते. पलटणीचं नाव टाका आणि जास्तीच्या माहितीत सातारा शोधा, बऱ्याच नोंदींत वडिलांचं आणि गावाचं नाव असतं. गावांची नावं इंग्रजांच्या कानाने लिहिलेली आहेत, मोठ्याने वाचली की ओळखू येतात.

१९६५ आणि १९७१वर मराठीत मुलांजोगं फार थोडं आहे, शौर्यकथा सोडल्या तर. मी इंग्रजी पुस्तकातलं एकच प्रकरण निवडते, दोनदा वाचते आणि मराठीत सांगते. माझे सासरे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेत, ते मधेमधे दुरुस्त करतात, आणि "हे लेखकाने तंबूत बसून लिहिलंय" अशी शेरेबाजीही करतात. आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरपासून सुरुवात करा. ९ डिसेंबर १९७१. ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, त्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री तिथे पहिली मराठा पलटण वाट अडवून बसली होती. दोन्ही चिठ्ठ्यांचा मजकूर छापील पुस्तकांत मिळतो, तो मुलाकडून मराठीत करून घ्या. यशवंतराव चव्हाण ६२ ते ६६ संरक्षणमंत्री होते, तेव्हा १९६५साठी कराडच्या वाचनालयांत विचारणा करायला हरकत नाही.

पुस्तकं हाताळून बघायची असतील तर साताऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरणारा ग्रंथमहोत्सव चुकवू नका आणि शेवटच्या दिवशी जा, गठ्ठे परत न्यायचा कंटाळा आलेला विक्रेता भाव करतो. भिलार, पुस्तकांचं गाव, आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, बसून फुकट वाचायची, न्यायची नाहीत. जाताना वही, पेन्सिल आणि डबा घ्या, आणि पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्ती व पान क्रमांक उतरवून आणा. नुसतं "निळ्या कव्हरचं होतं" सांगितलं तर परत आल्यावर ग्रंथपालही ते शोधून देऊ शकत नाही.